भेगेची कुळकथा

एकोणिसाव्या शतकात लंडनमध्ये घडवलेली लाकडी फ्लूट दुरुस्तीला आली, की जाणता कारागीर आधी तिचा तोंडाकडचा तुकडा उजेडात धरतो. लाकडाच्या रेषेरेषेने गेलेली भेग तिथे बहुधा सापडतेच. पुष्कळदा ती फुंकरीच्या भोकातूनच आरपार गेलेली असते. कुणीतरी वाद्याची हेळसांड केली असेल, असा संशय येतो. पण या भेगेचं मूळ एका हुशारीत आहे.

अठराव्या शतकात युरोपात गावोगावी सुराची पट्टी वेगळी. आपल्याकडचा बासरीवाला अशा वेळी दुसरी बासरी काढतो. तिकडचे वादक एकाच फ्लूटच्या मधल्या भागाचे लहानमोठे तुकडे जवळ ठेवत आणि गरजेप्रमाणे बदलत. प्रशियाचा राजा फ्रेडरिक याचे गुरू क्वान्ट्झ यांनी १७५२ च्या आपल्या ग्रंथात या तुकड्यांचा ऊहापोह केला आहे. खटाटोप मोठा आणि खर्चीकही. तुकडे थोडे ओढून सूर उतरवावा, तर आत खाच पडते आणि वाद्य बेसूर होतं.

यावर तोडगा निघाला तो एकात एक सरकणाऱ्या धातूच्या नळ्यांचा. लंडनच्या रिचर्ड पॉटरने १७८५ साली घेतलेल्या पेटंटात असा सरकता सांधा आहे. तो इंग्रजी कारागिरांना इतका आवडला, की पुढे फुंकरीच्या भोकाखालूनही धातूचं अस्तर जाऊ लागलं. रुडॉल अँड रोझच्या नावाजलेल्या फ्लूटमध्येही ते आहे.

लाकूड मात्र वर्षानुवर्षं सुकत राहतं आणि रेषांना आडवं आकसतं. धातू जागचा हलत नाही. बैलगाडीच्या चाकावर धाव चढवतात तेव्हा आकसणारं लोखंड बाहेर असतं, म्हणून चाक घट्ट होतं. इथे बाहेर आकसतं ते लाकूड, आणि ताण असह्य झाला की ते फाटतं. त्यात भर पडली थिओबाल्ड बोहमची. त्याची दंडगोल नळीची धातूची फ्लूट १८४७ मध्ये आली. हळूहळू वाद्यवृंदांनी जुन्या घडणीकडे पाठ फिरवली आणि कितीतरी फ्लूट पेटीत पडून कोरड्या होत गेल्या. त्यांतल्या काही स्वस्तात आयर्लंडच्या लोकवादकांच्या हाती लागल्या. आज या फ्लूटना जी मागणी आहे, ती मुख्यतः त्यांच्यामुळे.

पूर्वी भेगेत लाख किंवा मेण भरत, वरून धातूचं कडं आवळत. दिसायला काम झालं, पण आतला ताण तसाच. आता नळी हलकेच तापवून जुनी चिकटण सोडवतात आणि ती बाहेर काढतात. पुष्कळदा तेवढ्यानेच भेग मिटू लागते. मग लाकडाची आतली पोकळी किंचित रुंद करतात, भेगेत पातळ गोंद सोडतात, आणि नळी थोडी सैल बसेल अशी परत घालतात. या सगळ्यात फुंकरीच्या भोकाच्या कडेला कानस लावणं हा माझ्या मते गुन्हाच. फ्लूटचा आवाज त्या कडेवर ठरतो. भोक मोठं करून आवाज वाढवू पाहणाऱ्यांनी भेगांपेक्षा जास्त वाद्यं बिघडवली असावीत.

जुन्या इंग्रजी घडणीवरून नव्या फ्लूट करणारे बरेच कारागीर आता धातूची नळी सरकत्या सांध्यापुरतीच ठेवतात. फुंकरीच्या भोकाखाली नुसतं लाकूड असतं.