भाडोत्री भूमीवरील खेळ : ब्रिटनमधील स्पीडवे-शर्यतींच्या अर्थकारणाचा इतिहास

एखाद्या क्रीडाप्रकाराचा इतिहास म्हणजे त्यातील विजेत्यांची नामावळी, अशी समजूत सर्वत्र आढळते. ज्या खेळांची क्रीडांगणे स्वतःच्या मालकीची आहेत, त्यांच्याबाबतीत ही समजूत काही अंशी चालून जाते. परंतु ब्रिटनमधील स्पीडवे, म्हणजेच कच्च्या मातीच्या वर्तुळाकार मार्गावरील मोटारसायकलींची शर्यत, हिचा इतिहास विजयचषकांपेक्षा भाडेपट्ट्यांत आणि तिकिटांच्या हिशेबात अधिक स्पष्टपणे वाचता येतो. या खेळापुढे दोन प्रश्न सतत उभे राहिले. खर्च कसा भागवावा, हा पहिला. आणि संघासंघांत तुल्यबळ चुरस कशी राखावी, हा दुसरा. हे दोन प्रश्न वरवर भिन्न दिसले तरी त्यांचे मूळ एकच आहे, आणि त्यामुळेच एकावर केलेला उपाय दुसऱ्याला वारंवार बाधक ठरला.

प्रथम खेळाचे स्वरूप ध्यानात घेतले पाहिजे. एका शर्यतीत चार स्वार, प्रत्येक संघाचे दोन, मार्ग लंबवर्तुळाकार, त्यावर दगडाचा बारीक चुरा पसरलेला, फेऱ्या चार. मोटारसायकल ५०० घनसेंटिमीटर क्षमतेची, एकाच गिअरची आणि ब्रेकविरहित, इंधन मेथॅनॉल. वळणावर मागचे चाक मुद्दाम घसरू देऊन स्वार वाहनाला दिशा देतो. सारा प्रकार सुमारे एका मिनिटात आटोपतो. पहिल्यास तीन, दुसऱ्यास दोन व तिसऱ्यास एक असे गुण मिळतात, आणि अशा तेरा-पंधरा शर्यतींच्या बेरजेने सामना ठरतो. संध्याकाळच्या दोन तासांत कुटुंबासह पाहता यावा असा हा खेळ असल्याने कामगारवस्तीत तो झपाट्याने रुजला.

१

ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्स प्रांतात वेस्ट मेटलंड येथे १९२३ साली झालेल्या शर्यतींना या खेळाच्या उगमाचा मान सामान्यतः दिला जातो. ब्रिटनमध्ये त्याआधीचे काही प्रयोग वादग्रस्त असले, तरी १९ फेब्रुवारी १९२८ रोजी लंडनजवळील एपिंग अरण्यातील हाय बीच येथे झालेला मेळावा हाच खरा आरंभ मानतात. आयोजकांच्या अपेक्षेच्या कितीतरी पट लोक तेथे लोटले आणि त्याच वर्षी देशभर मार्ग तयार होऊ लागले.

येथे एक योगायोग निर्णायक ठरला. १९२६ मध्ये मँचेस्टरच्या बेल व्ह्यू येथे यांत्रिक सशामागे धावणाऱ्या ग्रेहाउंड कुत्र्यांच्या शर्यती सुरू झाल्या होत्या, आणि त्यांच्यासाठी मोठ्या शहरांत वर्तुळाकार, प्रकाशयोजनेने युक्त अशी क्रीडांगणे उभी राहत होती. स्पीडवेला हवी असलेली जागा नेमकी तशीच होती. कुत्र्यांच्या धावपट्टीच्या आतल्या बाजूस मोटारसायकलींचा मार्ग आखावयाचा आणि आठवड्यातील एक रात्र भाड्याने घ्यावयाची, हा व्यवहार सोयीचा होता. नवा खेळ विटांचा एकही थर न रचता शहराच्या मध्यभागी जाऊन बसला. पण ज्या सोयीने तो वाढला, तीच पुढे त्याच्या मुळाशी आली.

कारण घरमालक आणि भाडेकरू यांच्या उत्पन्नाचे स्वरूप सारखे नव्हते. कुत्र्यांच्या शर्यतींचा मुख्य आधार पैज हा होता, आणि १९३४ च्या कायद्याने त्या मैदानांवरील टोट यंत्रासही मान्यता मिळाली. स्पीडवेचा आधार प्रवेशशुल्काचा. पाऊस पडला तर सामना रद्द, आणि सामना रद्द म्हणजे त्या आठवड्याची आवक बुडाली. शिवाय बहुसंख्य संघांचा मालक सभासदांची संस्था नसून परवाना घेतलेला प्रवर्तक, म्हणजे तेथील परिभाषेत 'प्रमोटर' हा होता. संघाचे नाव गावाचे, निष्ठा प्रेक्षकांची, जमीन तिसऱ्याची आणि नफातोटा प्रवर्तकाचा, अशी ही चतुर्विध विभागणी आजवर फारशी बदललेली नाही.

२

पहिल्या हंगामात प्रेक्षक येत ते नामांकित स्वारांना पाहण्यासाठी. ऑस्ट्रेलिया व अमेरिकेतून आलेले हे स्वार केवळ हजेरीसाठी मोठ्या रकमा घेत; आणि प्रमुख स्वार नेहमीच जिंकू लागला की प्रेक्षकांचा उत्साह ओसरे. १९२९ साली उत्तर व दक्षिण अशा दोन संघस्पर्धा सुरू झाल्या, त्यांचा अर्थ या संदर्भात पाहिला पाहिजे. व्यक्तीऐवजी संघ आला की प्रेक्षक 'आपल्या गावा'साठी दर आठवड्यास येतो. त्याच वर्षीच्या वैयक्तिक स्पर्धेत परदेशी व ब्रिटिश स्वारांचे वेगळे विभाग करावे लागले. दोहोंच्या बळातील तफावतीची ती स्पष्ट कबुली होती. १९३२ मध्ये एकच नॅशनल लीग निर्माण झाली.

महायुद्धानंतर, १९४६ साली, स्वारांचे मध्यवर्ती वाटप करण्यात आले. कोणी कोठे खेळावे हे बाजारभावावर न सोडता संघांचे बळ समान राहील अशा रीतीने स्वार नेमून देण्यात आले. करमणुकीस भुकेलेल्या जनतेने मैदाने भरून टाकली. वेंब्लीच्या क्रीडांगणावर एका रात्रीस पन्नास हजारांहून अधिक प्रेक्षक जमत; १९५० च्या सुमारास तीन श्रेणींत मिळून तिसांहून अधिक संघ होते.

परंतु समानता वाटपाने निर्माण करता आली, तरी टिकविता आली नाही. सर्वांत मोठे मैदान आणि सर्वांत सधन व्यवस्थापन असलेल्या वेंब्लीने १९४९ ते १९५३ अशी सलग पाच वर्षे विजेतेपद मिळविले. त्याच काळात करमणूक कराचा भारी दर या खेळाच्या तिकिटावर बसत होता. फुटबॉल-क्रिकेटला मिळालेली सवलत त्याच्या वाट्यास आली नव्हती. दूरचित्रवाणी घरोघर पोचू लागली होती. लंडनमधील पडझडीचा क्रम बोलका आहे : न्यू क्रॉस १९५३ मध्ये बंद, हॅरिंगे १९५४ नंतर, वेस्ट हॅम १९५५ नंतर, आणि खुद्द वेंब्ली १९५६ च्या हंगामानंतर. जे मैदान जिंकत राहिले तेही प्रतिस्पर्धी उरले नाहीत तेव्हा थांबले. वेंब्लीचे सूत्रधार सर आर्थर एल्विन १९५७ च्या आरंभी निवर्तले. क्रीडासामन्यांवरील तो कर त्याच वर्षी उठला, पण तोवर दोन वरिष्ठ श्रेणी मिळून अवघे अकरा संघ उरले होते.

३

पुनरुज्जीवन आले ते खालच्या पायरीवरून. १९६० साली काही प्रवर्तकांनी प्रोव्हिन्शियल लीग नावाची कमी खर्चाची स्पर्धा काढली. स्वार पुष्कळसे नवखे, मोबदला बेताचा, पण सामने चुरशीचे. प्रेक्षकांना उच्चतम वेगापेक्षा अनिश्चित निकाल अधिक प्रिय असतो, हे या प्रयोगाने दाखवून दिले. १९६४ पर्यंत वरिष्ठ नॅशनल लीगमध्ये केवळ सात संघ राहिले. त्या वर्षी वरिष्ठ श्रेणीत कोणी यावे यावरून वाद विकोपास गेला, आणि प्रोव्हिन्शियल लीगने नियामक मंडळाची मान्यता झुगारून आपला हंगाम स्वतंत्रपणे चालविला. लॉर्ड शॉक्रॉस यांच्या चौकशीनंतर दोन्ही पक्ष एकत्र आले, आणि १९६५ मध्ये १८ संघांची ब्रिटिश लीग व तिच्याबरोबर प्रवर्तकांचा नवा संघ अस्तित्वात आला. तीन वर्षांनी दुसरी श्रेणीही सुरू झाली.

हे ऐक्य घडत असतानाच नॉरिच येथील फर्स्ट्रीट-सारखी नव्हे, तर 'द फर्स' या नावाने ओळखली जाणारी आणि पाच वेळा जगज्जेता ठरलेल्या स्वीडनच्या ओवे फुंडिन याची कर्मभूमी असलेली जागा घरबांधणीसाठी विकली गेली. १९६४ चा हंगाम तेथील शेवटचा ठरला. नियम सुधारता येतात, करार करता येतात. परंतु ज्या जमिनीवर खेळ चालतो तिचा भाव खेळाच्या मिळकतीशी बांधलेला नसतो.

४

समबल राखण्याचे पुढचे साधन म्हणजे 'सरासरी'. स्वाराच्या एकूण गुणांस चाराने गुणून शर्यतींच्या संख्येने भागले की त्याची सरासरी निघते. वीस शर्यतींत चाळीस गुण मिळविणाऱ्याची सरासरी आठ. हंगामाच्या आरंभी संघातील स्वारांच्या सरासरींची बेरीज ठरावीक मर्यादेच्या आत असली पाहिजे, असा नियम पुढे रूढ झाला. गणित सोपे व न्याय्य आहे. श्रीमंत प्रवर्तकास सर्व उत्तम स्वार गोळा करता येत नाहीत, आणि मोबदल्याच्या चढाओढीसही लगाम बसतो.

तथापि या न्यायाची दुसरी बाजू कठोर आहे. एखाद्या संघाने तरुण स्वारांना घडविले आणि ते वर्षभरात सुधारले, तर त्यांची सरासरी वाढते, बेरीज मर्यादेबाहेर जाते आणि हिवाळ्यात कोणाला तरी निरोप द्यावा लागतो. यशाचे फळ म्हणजे संघाचे विघटन! ज्या प्रेक्षकाने त्या मुलाला पहिल्या पडझडीपासून पाहिले, त्याला तो पुढच्या वर्षी प्रतिस्पर्ध्याच्या पोशाखात दिसतो. अनुपस्थित स्वाराच्या जागी अन्य संघाचा 'पाहुणा' उतरविण्याची मुभा आणि एकाच स्वाराने दोन श्रेणींतील दोन संघांकडून खेळण्याची पद्धती, यांनी हा संभ्रम आणखी वाढविला. सामना तुल्यबळ झाला, पण तो कोणाकोणात आहे, हे सांगणे अवघड होऊन बसले. चुरस राखणारा नियम निष्ठेस झिजवितो आणि प्रवेशशुल्क तर निष्ठेवरच अवलंबून असते, हा या व्यवस्थेतील मूलभूत अंतर्विरोध होय.

विजयही निष्ठेची हमी देत नाही. लंडनच्या व्हाइट सिटी संघाने १९७७ साली ब्रिटिश लीग जिंकली. पण विशाल मैदानात प्रेक्षक तुरळक राहिले, आणि १९७८ नंतर तो संघ तेथून नाहीसा होऊन त्याचा परवाना ईस्टबोर्नकडे गेला.

५

सत्तरीच्या दशकापासून खर्चाचा नवा ओघ सुरू झाला. पूर्वी जेएपी हे एकच इंजिन बहुतेक सर्वजण वापरीत. नंतर जावा, वेस्लेक, जीएम अशी चार झडपांची व अधिकाधिक नाजूक इंजिने आली. स्वाराला निश्चित वेतन नसून मुख्यतः मिळविलेल्या गुणांवर मोबदला मिळतो आणि वाहनाचा भार त्याच्यावरच पडतो. इंजिन महागले की स्वार अधिक मागतो. प्रवर्तकाजवळ मात्र तिकिटाखेरीज मोठे साधन नसते.

याच सुमारास पोलंडमध्ये उद्योगांच्या जाहिराती आणि शहरांचे साहाय्य यांवर उभी राहिलेली लीग प्रबळ झाली. एके काळी जगातील उत्तम स्वार ब्रिटनमध्ये राहून खेळत. आता ते शुक्रवारी व रविवारी पोलंडमध्ये, मंगळवारी स्वीडनमध्ये आणि १९९५ पासून सुरू झालेल्या जागतिक ग्रां प्री मालिकेसाठी शनिवारी अन्यत्र असतात. त्यामुळे ब्रिटिश वेळापत्रकास उरलेल्या वारांशी जुळवून घ्यावे लागले. गावाचा ठरलेला वार, उदाहरणार्थ विम्बल्डनचा गुरुवार किंवा पूलचा बुधवार, ही केवळ सोय नव्हती. ती सवय होती, आणि सवय हेच या खेळाचे भांडवल होते. १९९५ मधील एकश्रेणी रचना, १९९७ मधील एलीट लीग, २०१७ मधील प्रीमियरशिप व चॅम्पियनशिप ही नामांतरे याच अडचणीवरील क्रमागत उपाय होत. महासाथीमुळे २०२० चा लीग हंगाम तर झालाच नाही.

येथे एक गोष्ट विसरता कामा नये. कौशल्य आटले म्हणून खेळ क्षीण झाला, असे म्हणता येत नाही. टाय वॉफिंडन २०१३, २०१५ व २०१८ मध्ये जगज्जेता झाला, आणि ग्रेट ब्रिटनने २०२१ व २०२४ साली मँचेस्टर येथेच राष्ट्रसंघांची स्पर्धा जिंकली. तरीही त्याच २०२४ मध्ये देशांतर्गत वरिष्ठ श्रेणीत सात संघ होते. साठ वर्षांपूर्वी, १९६४ साली, होते तितकेच.

६

या आकुंचनाचा शेवटचा धागा पुन्हा भूमीकडेच नेतो. १९६० च्या कायद्याने पैजांची दुकाने १९६१ पासून वैध झाली, आणि पैज लावण्यासाठी कुत्र्यांच्या मैदानावर जाण्याचे कारण उरले नाही. घरमालकाचा धंदा मंदावला, तसतशी जमीन घरबांधणीकडे वळू लागली. वेस्ट हॅमचे मैदान १९७२ मध्ये गेले. बेल व्ह्यूचा हाइड रोड येथील मार्ग १९८७ मध्ये विकला गेला, आणि तेथील संघ जवळच्याच कुत्र्यांच्या मैदानावर आश्रयास गेला. विम्बल्डन येथील अखेरची स्पीडवे-शर्यत २००५ मधील. तेव्हापासून ज्या नगरीत एके काळी पाच मोठे संघ नांदत होते तेथे एकही मार्ग नाही. कोव्हेंट्रीचे ब्रँडन क्रीडांगण १९२८ पासूनचे. तेथील संघ २०१६ नंतर बेघर झाला. स्विंडनमध्ये २०१९ नंतर सामने झाले नाहीत. पीटरबरोने २०२१ साली विजेतेपद मिळविले आणि २०२३ अखेर मैदान गमावले. त्याच वर्षाअखेरीस वुल्व्हरहॅम्प्टनच्या संघासही मॉनमोर ग्रीन सोडावे लागले. यांतील बहुतेक ठिकाणी प्रेक्षकांनी पाठ फिरविली म्हणून नव्हे, तर जागेच्या मालकाने दुसरा विचार केला म्हणून दिवे मालवले.

उलट दिशेची उदाहरणे थोडी, पण अर्थपूर्ण आहेत. मँचेस्टर येथे नगरपालिकेच्या पुढाकाराने केवळ स्पीडवेस डोळ्यांसमोर ठेवून बांधलेले राष्ट्रीय क्रीडांगण २०१६ मध्ये उघडले. मार्ग सदोष ठरल्याने उद्घाटनाचा मेळावाच रद्द करावा लागला, आणि पहिल्या हंगामानंतर मूळ प्रवर्तकांना बाजूस व्हावे लागले. पण मैदान उभे होते, म्हणून संघ टिकला, आणि २०२४ साली विजेता ठरला. ऑक्सफर्डचे क्रीडांगण पंधरा वर्षांच्या खंडानंतर २०२२ मध्ये पुन्हा गजबजले, कारण मधल्या काळात ते पाडले गेले नव्हते. प्रवर्तक बुडाला तर दुसरा येतो, स्वार गेला तर नवा घडतो, नियम चुकला तर बदलता येतो. मार्गावर घरे उठली की मात्र परतीची वाट राहत नाही.

तात्पर्य, ब्रिटिश स्पीडवेने जवळजवळ शंभर वर्षे समानतेचे गणित मोठ्या कसोशीने मांडले. वाटप, सरासरी, मर्यादा या सर्व युक्त्यांनी असलेले उत्पन्न संघासंघांत न्यायाने वाटले जावे, एवढेच साधता आले. ते उत्पन्न ज्या भूमीवर पिकत होते ती भूमी त्या गणितात कधीच धरलेली नव्हती.