बासेल ते लॉ कॉलेज रोड

1516 साली बासेलचा मुद्रक योहान फ्रोबेन घाईत होता. स्पेनमध्ये ग्रीक नव्या कराराची छपाई आधीच झाली होती, पण ती प्रत अजून बाजारात आली नव्हती. त्याआधी आपला ग्रंथ लोकांच्या हाती पडावा म्हणून त्याने संपादक विद्वान एरॅस्मसमागे तगादा लावला. एरॅस्मसपाशी मोजकीच हस्तलिखितं होती, तीही बहुतेक बाराव्या शतकाच्या आसपासची. 'प्रकटीकरण' या शेवटच्या पुस्तकाची तर एकच प्रत मिळाली होती आणि तिचं अखेरचं पान गळालेलं होतं. एरॅस्मसने लॅटिन बायबल समोर घेतलं आणि उरलेली सहा वचनं स्वतःच ग्रीकमध्ये रचली. त्यातले काही शब्द आजवर कोणत्याही ग्रीक हस्तलिखितात सापडलेले नाहीत.

तरीही त्या आवृत्तीच्या वळणाचीच संहिता पुढची तीनशे वर्षं छापली जात राहिली. 1633 मध्ये लायडनच्या एल्झेव्हिर मुद्रकांनी प्रस्तावनेत ती 'सर्वमान्य पाठ' म्हणून मिरवली. मार्टिन लूथरने जर्मन नवा करार केला तो एरॅस्मसच्या ग्रीक संहितेवरून. लक्षावधी भाविक देवाचं वचन म्हणून जे वाचत होते, त्यात एका घाईतल्या संपादकाच्या हातचाही मजकूर होता. हे ध्यानात आल्यावर काय करायचं, या प्रश्नातून बायबलच्या विद्यापीठीय अभ्यासाची मोठी शाखा वाढली. पुण्यात लॉ कॉलेज रोडवर महाभारताची चिकित्सक आवृत्ती तयार झाली, तिच्या कुळाचा एक धागा थेट या शाखेला जाऊन मिळतो.

युरोपात या अभ्यासाची सुरुवात धर्मबुडव्यांनी केली, असा समज आपल्याकडे आहे आणि तिकडेही आहे. तो अर्धाच खरा आहे. स्पिनोझाने 1670 मध्ये मोशेच्या नावावरचे पाच ग्रंथ मोशेने लिहिलेले नाहीत असं मांडलं, तेव्हा तो ज्यू समाजातून बहिष्कृत झालेलाच होता. पण 1678 मध्ये जुन्या कराराचा चिकित्सक इतिहास लिहिणारा रिशार सिमों हा कॅथलिक पाद्री होता. त्याचं पुस्तक फ्रान्समध्ये जप्त होऊन जाळलं गेलं. उत्पत्तीच्या पुस्तकात देवाची दोन नावं आलटून पालटून येतात, म्हणजे त्यामागे दोन निरनिराळे मूळ लेख असावेत, हे 1753 मध्ये दाखवणारा झां आस्त्रुक पेशाने वैद्य होता. मोशेचं कर्तृत्व नाकारायला नव्हे, सावरायला तो निघाला होता.

सगळ्यात बोलकं उदाहरण योहान आल्ब्रेख्ट बेंगेलचं. इंग्लंडच्या जॉन मिलने 1707 मध्ये नव्या करारातले सुमारे 30,000 पाठभेद छापले, तेव्हा युरोपभर खळबळ उडाली. दक्षिण जर्मनीतल्या व्युर्टेम्बर्गमध्ये शिकणारा, अत्यंत भाविक बेंगेल या आकड्याने अस्वस्थ झाला. त्याने बायबल मिटून ठेवलं नाही. आयुष्यभर हस्तलिखितं ताडून पाहिली. 1734 च्या त्याच्या आवृत्तीने एक नियम रूढ केला: दोन पाठांपैकी जो अवघड, तो जुना मानावा. लेखनिक अवघड शब्द सोपा करतो, सोपा शब्द मुद्दाम अवघड करत नाही. पोथ्यांची मोजणी करायची नाही, त्यांची कुळं लावायची, हाही त्याचाच आग्रह. एकाच प्रतीवरून उतरलेल्या शंभर पोथ्या असल्या तरी साक्ष एकीचीच धरायची.

एकोणिसाव्या शतकात कार्ल लाखमानने या विचाराला शिस्त लावली. दोन पोथ्यांत एकच चूक असेल तर त्यांचा पूर्वज एक, या तत्त्वावर पोथ्यांचा वंशवृक्ष मांडायची रीत त्याच्या नावाने ओळखली जाते. 1831 मध्ये त्याने नवा करार संपादला तो 'सर्वमान्य पाठ' साफ बाजूला ठेवून. प्रेषितांनी लिहिलेला मूळ शब्द देतो, असं तो म्हणाला नाही. चौथ्या शतकात जो पाठ वाचला जात होता तिथवर पोचता येतं, एवढंच त्याने म्हटलं. हा संयम पुढे पुण्यात फार कामी आला.

ही विद्या पुण्यात आणणाऱ्यांत पहिलं ठळक नाव मार्टिन हाउगचं. तो बेंगेलच्याच व्युर्टेम्बर्गचा. हायडलबर्गला बुन्सेन या विद्वानाच्या प्रचंड बायबल-प्रकल्पात त्याने साहाय्यक म्हणून काम केलं आणि तिथूनच 1859 मध्ये पुण्याच्या संस्कृत अध्यापनाची जागा स्वीकारली. बायबलच्या मेजावरून उठलेला हा माणूस पुण्यात ऐतरेय ब्राह्मणाला भिडला आणि 1863 मध्ये त्याने ते भाषांतरासह प्रसिद्ध केलं. ग्रंथातले विधी नुसते वाचून त्याचं समाधान होईना, म्हणून त्याने एका श्रौत ब्राह्मणाकडून ते प्रत्यक्ष करवून पाहिले.

1866 मध्ये हाउग परतला आणि डेक्कन कॉलेजात फ्रान्त्स कीलहॉर्न आला. पंधरा वर्षं तो पुण्यात राहिला. पतंजलीच्या महाभाष्याची त्याने केलेली आवृत्ती आजही व्याकरणाच्या अभ्यासकाला टाळता येत नाही. पुढे तो ग्यॉटिंगेनला प्राध्यापक झाला. त्याच विद्यापीठात 1892 पासून यूलिउस वेलहाउझेन शिकवत होता. मोशेच्या नावावरची पाच पुस्तकं चार वेगवेगळ्या काळच्या लेखांतून विणली गेली आहेत, या मांडणीला पक्कं रूप देणारा तोच. बायबलचा चिकित्सक आणि पुण्याहून आलेला संस्कृतज्ञ सोळा वर्षं सहकारी होते. कीलहॉर्नच्या हाताखाली तिथे शिकलेल्या हाइनरिश ल्यूडर्सने महाभारताच्या 'ग्रंथ' या दक्षिणी लिपीतल्या पाठपरंपरेवर अभ्यास प्रसिद्ध केला. हे नाव पुढे पुन्हा येणार आहे.

इकडे रामकृष्ण गोपाळ भांडारकरांनी 1876 मध्ये 'मालतीमाधवा'ची आवृत्ती पोथ्या ताडून काढली होती. 1888 मध्ये मुंबईच्या फ्री चर्च कॉलेजच्या वाङ्मय मंडळापुढे त्यांनी चिकित्सक, तौलनिक आणि ऐतिहासिक पद्धतीवर व्याख्यान दिलं. भांडारकर प्रार्थना समाजाचे, रोज ईश्वराची प्रार्थना करणारे. त्यांच्या घरी चिकित्सा आणि भक्ती यांचं भांडण नव्हतं.

मात्र पोथ्या ताडून पाहणं आपल्याला युरोपने शिकवलं असं म्हटलं तर तो अन्याय होईल. एकनाथांनी शके 1506 मध्ये, म्हणजे 1584 साली, लेखनिकांच्या हातून भ्रष्ट झालेली ज्ञानेश्वरी शुद्ध केली आणि तीत यापुढे कोणी आपल्या ओव्या घालू नयेत अशी ताकीद दिली. कोपरगावचे नीळकंठ चतुर्धर सतराव्या शतकात काशीला बसून महाभारतावर टीका लिहीत होते, तेव्हा त्यांनीही निरनिराळ्या प्रांतांतल्या पोथ्या जमवल्या होत्या. फरक हिशेबाचा आहे. एकनाथांनी कोणता पाठ टाकला आणि का, याची नोंद आपल्यापर्यंत आलेली नाही. नीळकंठांना जे जे चांगलं वाटलं ते त्यांनी शक्यतो सामावून घेतलं. टाकलेला प्रत्येक शब्द पानाखाली छापून वाचकाच्या हवाली करायचा, ही शिस्त नवी होती.

महाभारताची अशी आवृत्ती हवी, ही मागणी मोरित्स विंटरनित्झने 1897 च्या पॅरिसच्या प्राच्यविद्या परिषदेत केली. युरोपातल्या अकादमींनी ती मनावर घेतली, ल्यूडर्सने 1908 मध्ये नमुन्याची काही पानंही छापली, आणि मग महायुद्ध आलं. काम तिथेच थांबलं. 6 जुलै 1917 रोजी, भांडारकरांच्या ऐंशीव्या वाढदिवशी, पुण्यात भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिर स्थापन झालं. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी एक लाख रुपयांचं आश्वासन दिलं आणि 1 एप्रिल 1919 रोजी कामाचा श्रीगणेशा झाला. 1925 मध्ये प्रमुख संपादक म्हणून विष्णु सीताराम सुकथनकर आले. केंब्रिजला गणित शिकलेले सुकथनकर बर्लिनमध्ये ल्यूडर्सच्या हाताखाली तयार झाले होते. कीलहॉर्नबरोबर पुण्याहून गेलेला धागा असा पुण्यात परत आला.

काम कसं चाले ते पाहण्यासारखं आहे. चौकटी आखलेला मोठा कागद घ्यायचा. वरच्या ओळीत प्रचलित संहितेतला श्लोक अक्षर सुटं करून, एका चौकटीत एक, असा लिहायचा. खाली प्रत्येक पोथीला एक आडवी ओळ. जिथे पोथीतलं अक्षर वेगळं असेल तिथे, त्याच चौकटीखाली, ते उतरवायचं. शारदा, नेवारी, मैथिली, बंगाली, देवनागरी, तेलुगू, ग्रंथ, मल्याळम अशा लिप्या वाचणारे शास्त्री आणि पदवीधर हे दिवसभर करत. शांतिनिकेतन आणि तंजावर इथेही ताडणीची केंद्रं होती. एकट्या आदिपर्वासाठी साठेक पोथ्या वापरल्या गेल्या. सुकथनकरांनी नीळकंठी संहितेला 'व्हल्गेट' म्हटलं. चर्चच्या प्रचलित लॅटिन बायबलचं हे नाव त्या वेळी पाठचिकित्सकांच्या रोजच्या बोलण्यातलं होतं.

1933 मध्ये आदिपर्व पूर्ण झालं आणि वाचकांना पहिला धक्का बसला. व्यास सांगताहेत आणि गणपती लिहून घेताहेत, ही घरोघरी ठाऊक असलेली कथा मूळ संहितेतून निघून परिशिष्टात गेली होती. पुढे सभापर्वात, येल विद्यापीठाच्या फ्रँकलिन एजर्टनने संपादलेल्या संहितेत, द्रौपदी कृष्णाचा धावा करत नाही. वस्त्रामागून वस्त्र निघत राहतं, पण ते कोण पुरवतं हे श्लोक सांगत नाहीत. बायबलच्या वाचकांनी हेच अनुभवलं होतं. व्यभिचाराचा आरोप असलेल्या स्त्रीला येशू वाचवतो, हा योहानाच्या शुभवर्तमानातला प्रसंग चौथ्या शतकातल्या जुन्या हस्तलिखितांत नाही. आजच्या बहुतेक आवृत्त्यांत तो कंसात किंवा टिपेसह येतो.

दोन्हीकडे कथा पुसली गेली नाही. ती कधी, कोणत्या प्रांतातून आली हे कळलं, आणि ज्याला ती प्रिय आहे त्याला ती तळटीपेत किंवा परिशिष्टात जशीच्या तशी मिळते. पुणे आवृत्तीत संशयास्पद पाठाखाली नागमोडी रेघ असते. आपल्याला खात्री नाही हे संपादकाने पानापानावर सांगावं, यापेक्षा वाचकाचा मोठा आदर कोणता?

युरोपची रीत इथे जशीच्या तशी मात्र चालली नाही. महाभारताच्या पोथ्या शतकानुशतकं एकमेकींत मिसळल्या होत्या. तीर्थक्षेत्री एकाची पोथी दुसऱ्याने पाहावी आणि आपल्या समासात भर घालावी, असं होत आलेलं. लाखमानचा स्वच्छ वंशवृक्ष त्यांतून उभा राहीना. सुकथनकरांनी ते उघडपणे मांडलं आणि वेगळी कसोटी लावली: उत्तरेची आणि दक्षिणेची परंपरा स्वतंत्रपणे जिथे जुळते, तिथला पाठ जुना. व्यासांचा मूळ शब्द आपण देतो असा दावा त्यांनीही केला नाही. 21 जानेवारी 1943 रोजी ते गेले तेव्हा महाभारताच्या अर्थावरची त्यांची व्याख्यानमाला चालू होती. चौथं व्याख्यान राहून गेलं. श्रीपाद कृष्ण बेलवलकर आणि परशुराम लक्ष्मण वैद्य यांनी काम पुढे नेलं आणि 22 सप्टेंबर 1966 रोजी राष्ट्रपती राधाकृष्णन यांच्या हस्ते त्याची सांगता जाहीर झाली.

खुद्द बायबलचं पुण्यात काय झालं? पुण्याजवळ केडगावला पंडिता रमाबाई ते मराठीत आणत होत्या. आधीची भाषांतरं संस्कृतप्रचुर आहेत, मुक्ती मिशनमधल्या साध्या बायकांना ती कळत नाहीत, ही त्यांची तक्रार. लहानपणी पुराणं मुखोद्गत केलेल्या या बाईने उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकून मूळ भाषांवरून अनुवाद केला. मिशनच्या छापखान्यात खिळे जुळवायला बायकाच होत्या. काम पुरं होतं न होतं तोच, एप्रिल 1922 मध्ये, रमाबाई वारल्या. 1924 मध्ये संपूर्ण ग्रंथ बाहेर पडला. आपल्या वाङ्मयाच्या इतिहासात या अनुवादाला मिळायला हवी तितकी जागा मिळालेली नाही.

बायबल शिकवणाऱ्या संस्था पुण्यात नंतर आल्या. 1955 मध्ये श्रीलंकेतल्या कँडीहून कॅथलिक पेपल सेमिनरी पुण्यात आली. तिच्याशी जोडलेली ज्ञानदीप विद्यापीठ ही संस्था नगर रोडवर आहे. प्रॉटेस्टंटांची युनियन बिब्लिकल सेमिनरी 1983 मध्ये यवतमाळहून बिबवेवाडीला आली.

ज्ञानदीपमध्ये नवा करार शिकवणारे जेझुइट जॉर्ज सोरेस-प्रभू युरोपात तयार झाले होते. मत्तयाच्या शुभवर्तमानातल्या बालपणकथांवरचा त्यांचा प्रबंध 1976 मध्ये रोमहून प्रसिद्ध झाला. ऐतिहासिक चिकित्सेत मुरलेल्या याच माणसाने तिच्या मर्यादाही स्पष्ट सांगितल्या. ग्रंथ कसा घडला हे ती उत्तम सांगते, पण गरिबी, जात आणि अनेक धर्म यांच्यामध्ये राहणाऱ्या भारतीय वाचकाचे प्रश्न तिच्या कक्षेत येत नाहीत, असं त्यांचं म्हणणं. 1994 मध्ये त्यांनी मत्तयाच्या अखेरचा प्रसंग निवडला. पुनरुत्थित येशू शिष्यांना सगळ्या राष्ट्रांकडे जायला सांगतो तो हा भाग, जगभर मिशनरी कार्याचा आधार मानला गेलेला. सोरेस-प्रभूंनी शेजारी विनयपिटकातला 'महावग्ग' ठेवला. तिथे बुद्ध आपल्या भिक्षूंना बहुजनांच्या हितासाठी आणि सुखासाठी चारिका करायला पाठवतो. पालीतल्या आज्ञेच्या उजेडात ग्रीकमधली आज्ञा त्यांनी पुन्हा वाचली. पुढच्याच वर्षी ते वारले.