होंबु दोजोतील ऐकिदो शिक्षक

ऐकिकाई होंबु दोजो ही ऐकिदो (आयकिडो) या जपानी युद्धकलेची मुख्य तालीम असून ती टोकियोच्या शिंजुकु विभागातील वाकामात्सु-चो या वस्तीत आहे. 'होंबु' म्हणजे मुख्यालय आणि 'दोजो' म्हणजे मार्ग शिकण्याची जागा. ऐकिदोचे संस्थापक मोरिहेइ उएशिबा (१८८३–१९६९) यांनी १९३१ मध्ये याच जागी 'कोबुकान' नावाची तालीम उघडली होती. तेथे शिकविणारे शिक्षक एकाच गुरूचे शिष्य असले, तरी त्यांची शिकविण्याची पद्धत इतकी भिन्न होती, की एकाच दिवशी सकाळच्या आणि संध्याकाळच्या वर्गात बसणाऱ्या नवख्या विद्यार्थ्याला आपण दोन वेगळ्या कला शिकत आहोत असे वाटावे. या भिन्नतेची कारणे शिक्षकांच्या पूर्वायुष्यात, तसेच स्वतः संस्थापकांच्या शिकविण्याच्या रीतीत आढळतात.

== संस्थापकांची रीत ==

मोरिहेइ उएशिबा यांचा जन्म वाकायामा प्रांतातील तानाबे येथे झाला. होक्काइदो बेटावर वसाहत करण्यासाठी गेले असता १९१५ मध्ये त्यांची गाठ दाइतो-र्‍यू या जुजुत्सु परंपरेचे कडक आचार्य सोकाकु ताकेदा यांच्याशी पडली. ऐकिदोतील बहुतेक डावांचे मूळ ताकेदांच्या शिकवणीत आहे. पुढे ओमोतो या नवधर्मपंथाचे प्रमुख ओनिसाबुरो देगुची यांच्या सहवासात उएशिबांच्या विचाराला आध्यात्मिक वळण लागले. प्रतिस्पर्ध्याला नमविण्याऐवजी त्याच्या बळाशी मिळून जाण्याची कल्पना ऐकिदोच्या केंद्रस्थानी आली, ती या दोन प्रवाहांच्या संगमातून. 'ऐकिदो' हे नाव मात्र १९४२ पासून रूढ झाले.

संस्थापक फारसे समजावून सांगत नसत. ते एखाद्या शिष्याला पुढे बोलावून डाव करून दाखवीत, बहुधा दुसऱ्यांदा वेगळ्याच रीतीने, आणि मग प्राचीन जपानी देवतांच्या कथांच्या भाषेत त्याचा अर्थ सांगत. तरुण शिष्यांना ही भाषा कळत नसे. बऱ्याच डावांना ठरलेली नावेही नव्हती. अशा वेळी प्रत्येक शिष्य आपल्या अंगी आधी जे मुरलेले असेल त्याच्या आधारानेच पाहिलेले समजून घेई. ज्युदो खेळलेल्याला तोल बिघडविणे दिसे, कराटे शिकलेल्याला प्रहाराची संधी दिसे, श्वसनसाधना केलेल्याला 'कि', म्हणजे प्राणशक्ती, दिसे. हिंदुस्थानी संगीतात एकाच उस्तादाच्या शागीर्दांपासून निरनिराळ्या गायकी निघतात, त्याच्याशी याची तुलना करता येईल. फरक इतकाच, की येथे त्या सर्व गायकी एकाच छपराखाली, वेगवेगळ्या तासांना ऐकू येत होत्या.

== कोबुकानमधील पहिली पिढी ==

कोबुकानची तालीम ८० तातामी चटयांची होती. प्रवेशासाठी प्रतिष्ठित व्यक्तींची शिफारस लागे आणि सराव इतका कठोर असे की लोक तिला 'नरकाची तालीम' म्हणत. येथे आलेले अनेकजण आधीच कसलेले होते. ज्युदोचे जनक जिगोरो कानो यांनी १९३० मध्ये उएशिबांचे कौशल्य पाहून आपले शिष्य मिनोरु मोचिझुकी यांना त्यांच्याकडे शिकण्यास पाठविले. केंजी तोमिकी हेही ज्युदोचेच. पुढे वासेदा विद्यापीठात अध्यापन करताना तोमिकींनी ऐकिदोत स्पर्धा आणली, जी उएशिबांच्या परंपरेला मान्य नव्हती. गोझो शिओदा यांनी १९५५ मध्ये 'योशिंकान' ही स्वतंत्र संस्था काढली व मूलभूत हालचाली कवायतीसारख्या टप्प्याटप्प्याने शिकविण्याची पद्धत रुजविली. हे तिघेही युद्धोत्तर होंबु दोजोच्या बाहेर वाढले.

== किश्शोमारु उएशिबा यांची घडी ==

१९४२ मध्ये संस्थापक इबाराकी प्रांतातील इवामा या खेड्यात राहावयास गेले आणि टोकियोच्या तालमीची जबाबदारी त्यांचे पुत्र किश्शोमारु (१९२१–१९९९) यांच्यावर आली. ते तेव्हा वासेदा विद्यापीठाचे विद्यार्थी होते. १९४५ च्या बॉम्बवर्षावात भोवतालची वस्ती जळाली, पण तालीम वाचली. युद्धानंतर बेघर कुटुंबे तेथेच आश्रयाला होती, त्यामुळे उरलेल्या जागेत सराव चाले. संसार आणि तालीम दोन्ही चालविण्यासाठी किश्शोमारुंनी काही वर्षे एका रोखे व्यवहाराच्या कंपनीत नोकरी केली. सकाळी शिकवावे, दिवसभर कचेरीत बसावे आणि परतल्यावर पुन्हा शिकवावे, असा त्यांचा क्रम होता.

स्वभावाने ते मितभाषी व अभ्यासू होते आणि त्यांची शैली मोठ्या, गोलाकार, स्पष्ट हालचालींची होती. वडिलांच्या तुलनेत ती साधी वाटते, पण ऐकिदो सामान्य माणसापर्यंत पोहोचले ते या साधेपणामुळेच. डावांची नावे व वर्गीकरण यांना स्थिर रूप देण्यात त्यांचा मोठा वाटा आहे. इक्क्यो, निक्यो, सांक्यो, योंक्यो ही क्रमवाचक नावे, तसेच शिहोनागे, इरिमिनागे, कोतेगाएशी अशी नावे आज जगभर वापरली जातात. १९५६ मध्ये निहोनबाशी येथील ताकाशिमाया या मोठ्या दुकानाच्या गच्चीवर जाहीर प्रात्यक्षिके झाली. त्यांत संस्थापकांबरोबर इतर शिक्षकांनीही भाग घेतला. तोवर बाहेरच्या लोकांसमोर कला मांडण्यास संस्थापक नाखूष असत. पुढच्याच वर्षी किश्शोमारुंचे 'ऐकिदो' हे पुस्तक निघाले.

== वर्गाचे स्वरूप ==

१९६७ मध्ये जुनी लाकडी तालीम पाडून त्या जागी सिमेंट काँक्रीटची बहुमजली इमारत बांधण्यात आली. वर्ग एका तासाचा असतो व पहिला वर्ग पहाटे साडेसहाला भरतो. आरंभी सर्वजण संस्थापकांच्या प्रतिमेस व मग शिक्षकास गुडघे टेकून वंदन करतात. शिक्षक एका डावाचे प्रात्यक्षिक साधारणतः चार वेळा, उजवीकडून व डावीकडून, समोर शिरून व पाठीमागे वळून, दाखवितो. त्यानंतर जोड्या आळीपाळीने डाव करणारा ('तोरी') आणि स्वीकारणारा ('उके') होतात. तासभर बहुधा तोच जोडीदार राहतो. शिक्षक फिरत राहतो, एखाद्याचा हात धरून त्याच्यावर डाव करतो आणि पुढे जातो. शब्द थोडे असतात. शिक्षकाच्या हाताचा स्पर्श हीच मुख्य शिकवण, आणि ती अंगावर घेण्यासाठी उके म्हणून पडण्याची तयारी हवी. चांगला उके झाल्यावाचून चांगला शिक्षक होता येत नाही, हा तेथील संकेत आहे.

== शिक्षक आणि त्यांच्या शैली ==

=== कोइची तोहेइ ===

युद्धोत्तर काळात होंबु दोजोचे सर्वांत प्रभावी शिक्षक कोइची तोहेइ (१९२०–२०११) होत. ते केओ विद्यापीठात शिकले. प्रकृती नाजूक असल्याने त्यांनी तरुणपणी ज्युदोबरोबर इचिकुकाई या संस्थेतील खडतर श्वसनसाधना केली. युद्धात ते चीनमध्ये सैनिकी अधिकारी होते. परतल्यावर ते नाकामुरा तेंपू यांच्या वर्गांना जाऊ लागले. नाकामुरा हे क्षयरोगाने ग्रासलेले असताना हिमालयाच्या परिसरात एका भारतीय योग्याकडे राहून बरे झाले, असे ते स्वतः सांगत. मन शरीराला चालविते हे त्यांचे सूत्र तोहेइंनी उचलले. ऐकिदोत 'कि' कसा शिकवावा याचा जो मार्ग तोहेइंनी दाखविला, त्याच्या मुळाशी अशा रीतीने भारतीय योगाचा एक दूरचा धागा आहे.

संस्थापक जे देवकथांच्या भाषेत सांगत, ते तोहेइंनी चार सोप्या नियमांत बसविले: ओटीपोटातील एका बिंदूवर मन ठेवा, पूर्ण सैल व्हा, अंगाचे वजन खाली राहू द्या, 'कि' बाहेर वाहू द्या. हात वाकू न देणे, ढकलले तरी न हलणे अशा छोट्या चाचण्यांनी विद्यार्थ्याला स्वतःच पडताळा घेता येई. १९५३ मध्ये ते हवाईस गेले. तेथील धिप्पाड लोकांपुढे गूढ भाषा चालणार नव्हती, करून दाखवावे लागे, आणि त्यातून त्यांची शिकवणी अधिक नेमकी झाली. परतल्यावर ते होंबु दोजोचे मुख्य शिक्षक झाले व १९६९ मध्ये त्यांना दहावा दान हा दर्जा मिळाला.

=== सेइगो यामागुची ===

सेइगो यामागुची (१९२४–१९९६) हे १९५१ च्या सुमारास दोजोत आले. ब्रह्मदेशातील सैन्याला शिकविण्यासाठी ते काही काळ तिकडे होते. त्यांच्या हालचालीत बळ दिसतच नसे. उके हात धरी आणि आपण का पडलो हे त्याला कळत नसे. पद्धतशीर टप्पे पाडून शिकविणे हा त्यांचा स्वभाव नव्हता. वर्गानंतर कॉफीच्या दुकानात शिष्यांशी दीर्घकाळ बोलणे, हा त्यांच्या अध्यापनाचाच भाग मानला जाई. नवख्यांना त्यांचा वर्ग अवघड वाटे, कारण अनुकरण करण्याजोगे ठळक रूपच हाती लागत नसे.

=== सादातेरु आरिकावा आणि हिरोशी तादा ===

याच्या दुसऱ्या टोकाला सादातेरु आरिकावा (१९३०–२००३) होते. त्यांचे डाव आखूड, तीक्ष्ण आणि सांध्यांवर वेदनादायक असत. त्यांच्या वर्गात उके होण्यासाठी धैर्य लागे. हेच गृहस्थ दोजोच्या 'ऐकिदो शिंबुन' या पत्राचे संपादक होते आणि युद्धकलांच्या इतिहासाचे त्यांचे ज्ञान सखोल होते, हे अनेकांच्या लक्षात राहत नाही.

हिरोशी तादा (जन्म १९२९) हे धनुर्विद्येची परंपरा असलेल्या घराण्यातले. वासेदा विद्यापीठात त्यांनी शोतोकान कराटे केले, १९५० मध्ये ऐकिदो सुरू केले आणि तोहेइंप्रमाणेच नाकामुरा तेंपूंच्या व इचिकुकाईच्या साधनेतूनही ते गेले. मात्र त्यातून त्यांनी वेगळा मार्ग काढला. त्यांच्या वर्गाचा बराच वेळ श्वसनाच्या व एकाग्रतेच्या व्यायामांना जातो आणि मग त्याच श्वासाच्या लयीत वेगवान डाव येतात. १९६४ मध्ये ते इटलीस गेले व तेथे ऐकिदोची भक्कम संघटना उभी केली.

=== मोरिहिरो साइतो आणि शोजी निशिओ ===

मोरिहिरो साइतो (१९२८–२००२) हे रेल्वेचे कर्मचारी. १९४६ पासून ते इवामा येथे संस्थापकांकडे शिकले. चोवीस तास काम व चोवीस तास सुटी अशी पाळी असल्याने सुटीचा दिवस गुरूच्या शेतात आणि तालमीत जाई. टोकियोतील शिष्यांना न मिळालेली लाकडी तलवार (केन) व काठी (जो) यांची सविस्तर तालीम त्यांना मिळाली. पुढे ते रविवारी होंबु दोजोत शिकवू लागले. घट्ट पकड, स्थिर आरंभ, प्रत्येक पावलाचा क्रमांक अशी त्यांची रीत होती. आपण संस्थापकांचेच जतन करतो, स्वतःचे काही घालत नाही, असा त्यांचा आग्रह असे. त्यासाठी ते उएशिबांच्या १९३८ मधील 'बुदो' या पुस्तकातील छायाचित्रे उघडून दाखवीत.

शोजी निशिओ (१९२७–२००५) यांची भूमिका नेमकी उलट होती. ज्युदो, कराटे, तलवार व काठी या सर्वांचा अभ्यास करून आलेल्या निशिओंच्या मते इतर कला पुढे जात असताना ऐकिदोने थांबणे म्हणजे मागे पडणे होते. एकच डाव ते निःशस्त्र, तलवारीने व काठीने असा तिन्ही प्रकारे दाखवीत.

== तोहेइ यांचा राजीनामा ==

१९६९ मध्ये संस्थापक वारले आणि किश्शोमारु 'दोशू' (मार्गप्रमुख) झाले. किश्शोमारु व तोहेइ हे साडू होते, दोघांच्या पत्नी सख्ख्या बहिणी. 'कि'चे शिक्षण हाच पाया मानावा असे तोहेइंना वाटे. किश्शोमारुंना एका शिक्षकाची पद्धत सर्वांवर लादणे मान्य नव्हते. तोहेइंनी १९७१ मध्ये 'कि'च्या अभ्यासासाठी वेगळी संस्था काढली आणि १ मे १९७४ रोजी ऐकिकाईचा राजीनामा दिला. काही शिक्षक त्यांच्याबरोबर गेले. अमेरिकेत अनेक तालमींना तोहेइंनीच सुरुवात करून दिली असल्याने तेथील शिष्यांना गुरू की मुख्यालय अशी निवड करावी लागली. या फुटीचा दोष एकाच बाजूला देता येत नाही. विविधतेला जागा देणारी तालीम त्या विविधतेतल्या सर्वांत सुसूत्र शिकवणीलाच सामावू शकली नाही, ही तिची मर्यादा ठरली. उरलेल्या शिक्षकांची विविधता मात्र त्यामुळेच टिकली, असेही म्हणता येते.

== पुढील पिढी ==

१९६० च्या दशकात अनेक तरुण शिक्षक परदेशी गेले: नोबुयोशी तामुरा फ्रान्सला, योशिमित्सु यामादा न्यूयॉर्कला, सेइइची सुगानो ऑस्ट्रेलियाला, काझुओ चिबा इंग्लंडला. उलट दिशेने, फ्रान्सचे क्रिस्तियाँ तिसिए १९६९ मध्ये वयाच्या अठराव्या वर्षी टोकियोत आले आणि सात वर्षे राहून यामागुची यांच्या शैलीचा ठसा घेऊन परतले.

होंबु दोजोतच राहिलेल्यांत सेइशिरो एंदो (जन्म १९४२) यांचे उदाहरण बोलके आहे. गाकुशुइन विद्यापीठात ऐकिदो शिकून ते १९६७ मध्ये दोजोचे शिक्षक झाले. बळावर भर देणाऱ्या सरावात तिशीच्या सुमारास त्यांचा उजवा खांदा निखळला. तेव्हा यामागुचींनी त्यांना सुचविले, की दहा वर्षे उजवा हात वापरलात, आता दहा वर्षे डावा वापरून पाहा. त्यानंतर एंदोंनी आपली सारी हालचाल नव्याने घडविली. दोघांचा स्पर्श होतो त्या बिंदूवरच लक्ष ठेवून, सैल अंगाने डाव शिकविणे ही त्यांची ओळख झाली.

१९९९ मध्ये किश्शोमारुंनंतर त्यांचे पुत्र मोरितेरु उएशिबा (जन्म १९५१) तिसरे दोशू झाले. त्यांची शैली वडिलांसारखीच स्वच्छ आणि मूलभूत डावांवर भर देणारी आहे. मोरितेरुंचे पुत्र मित्सुतेरु (जन्म १९८१) हेही दोजोत शिकवितात. नव्या शिक्षकांपैकी अनेकजण विद्यापीठांतील ऐकिदो मंडळांतून येतात. ज्युदो किंवा कराटेत मुरल्यावर ऐकिदोकडे वळलेल्यांचे प्रमाण युद्धोत्तर पिढीच्या मानाने कमी आहे. त्यामुळे वर्गावर्गांतील अंतर घटले असून नवख्याला तालीम पूर्वीपेक्षा सुगम झाली आहे. जुन्या शिष्यांना मात्र त्या अंतराची उणीव जाणवते.