मँगनीजचा स्फटिक आणि इलेक्ट्रॉनची निवड

हिंगोलीकरांना दगडाची ओळख करून द्यायला नको. पैनगंगेपासून औंढ्याच्या टेकड्यांपर्यंत आपल्या पायांखाली बहुतेक काळा पाषाणच आहे, सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी निवालेल्या लाव्हाचा. तो फोडला की त्याच्या पोटात कधी कधी पांढरे स्फटिक लकाकतात आणि निसर्गाला प्रमाणबद्धतेची आवड आहे, असे आपण सहज म्हणून जातो. ही समजूत नागपूरकडच्या एका खनिजाच्या इतिहासावर आज आपण पारखून पाहू.

भारतीय भूविज्ञान सर्वेक्षणातील फर्मर यांनी 1909 साली भारतातील मँगनीजवर मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. नागपूर जिल्ह्यातील बेलडोंगरी येथे सापडलेल्या एका खनिजाला त्यांनी आपल्या सहकाऱ्याच्या नावावरून 'व्रेडेनबर्गाइट' हे नाव दिले. पुढे सूक्ष्मदर्शकाखाली त्यात हौसमानाइट आणि जॅकोबसाइट अशी दोन खनिजे एकमेकांत गुंफलेली दिसली. तापलेल्या स्थितीत एकजीव असलेला हा स्फटिक निवताना दुभंगला होता. तो का दुभंगला?

उत्तराचा धागा दूर कोपनहेगनला सापडतो. तेथे 1934 साली तरुण टेलर आणि रशियन पंडित लांडाऊ यांच्यात वाद झाला. इलेक्ट्रॉनपुढे सारख्याच मोलाच्या दोन जागा असतील, तर सममित रचना टिकणार नाही, असा लांडाऊंचा आक्षेप होता. यान आणि टेलर यांनी 1937 साली तो सिद्धान्तरूपाने मांडला. सरळ रेषेतले रेणू तेवढे त्याला अपवाद ठरले. 1957 साली ड्युनिट्झ आणि ऑर्गेल यांनी तोच न्याय हौसमानाइटसारख्या ऑक्साइडांना लावला.

मँगनीजच्या अणूभोवती ऑक्सिजनचे सहा अणू असतात. त्याच्या चार इलेक्ट्रॉनांपैकी तिघांच्या जागा ठरलेल्या. चौथ्यापुढे मात्र समान अशा दोन. तो एक जागा धरतो, त्या दिशेचे ऑक्सिजन दूर सरतात आणि एकूण ऊर्जा घटते. वाड्यातील खोल्यांची भिंत सामाईक असते, तसे येथे शेजाऱ्यांचे ऑक्सिजन सामाईक. म्हणून एक घर लांबले की सारी आळी त्याच दिशेने लांबते. हौसमानाइट अशा रीतीने सुमारे 16 टक्के ताणलेला असतो. 1170 अंश सेल्सिअसच्या आसपास तापविल्यावरच तो पुन्हा घनाकार होतो. जॅकोबसाइटमधील लोहाला पाच इलेक्ट्रॉन, पाचांना पाच जागा. निवडीचा प्रश्नच नाही. म्हणून तो घनाकार राहिला, आणि दोघांचा संसार निवताना मोडला.

ही गोष्ट केवळ संग्रहालयातील दगडाची नव्हे. लिथियम-मँगनीजच्या बॅटरीत वीज काढून घेताना हाच ताण वाढतो, कणांना तडे जातात आणि बॅटरीचे आयुष्य घटते. याच सिद्धान्ताचा माग घेत म्यूलर आणि बेडनोर्झ तांब्याच्या ऑक्साइडांकडे वळले. त्यांना 1986 साली नवी अतिसंवाहकता गवसली आणि 1987 साली नोबेल पारितोषिक मिळाले.

आपल्या खाणींतले मँगनीज शतकभर टनांच्या हिशेबाने विकले गेले. त्याच्या अंगी असलेला हा गुण वजनकाट्यावर कधी चढला नाही. तो ओळखणारे विद्यार्थी आपल्याच शाळांतून निघावेत, एवढ्यासाठी हा इतिहास आपणांपुढे ठेवला.