धातू कापण्याची करवत : हौशी कार्यशाळेसाठी निवड

पोलाद, बीड, पितळ, तांबे, ॲल्युमिनियम यांच्या सळया, पट्ट्या, पाइप आणि ठोकळे हव्या त्या मापाला तोडण्याचे साधन म्हणजे धातुकापणीची करवत. हातातल्या हॅकसॉपासून विजेवरच्या बँडसॉपर्यंत तिचे अनेक प्रकार आहेत. कारखान्यात त्यांतून निवड करणे तुलनेने सोपे असते, कारण तिथे एकाच मापाचा माल हजारोंनी कापायचा असतो. घरच्या कार्यशाळेत आज पितळेची कांडी, उद्या चौकोनी पाइप, परवा भंगारातून आणलेला एक्सल असा कारभार चालतो. त्यातच जागा दहा बाय दहाची, वीज सिंगल फेजची आणि भिंतीपलीकडे शेजारी. म्हणून इथे मोटर किती अश्वशक्तीची हे नंतर पाहावे. दातांची घनता, पात्याचा वेग आणि माल पकडणारा व्हाइस या तीन गोष्टी आधी पाहाव्यात.

लेथ-ड्रिल मांडून घरी यंत्रे घडवण्याच्या छंदाला इंग्लंडात मोठी परंपरा आहे. पर्सिव्हल मार्शल यांनी जानेवारी १८९८ मध्ये ‘मॉडेल इंजिनिअर’ हे नियतकालिक सुरू केले आणि वाफेची छोटी इंजिने करणाऱ्या हौशी कारागिरांना एक व्यासपीठ मिळाले. त्याच सुमारास अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातील बेथलेहेम स्टील कंपनीत फ्रेडरिक टेलर आणि मॉन्सेल व्हाइट यांनी हायस्पीड स्टीलची उष्णतोपचार-पद्धत सिद्ध केली. १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात तिचे प्रात्यक्षिक झाले. साधे कार्बन पोलाद दोनशे-अडीचशे अंश सेल्सिअसच्या पुढे नरम पडू लागते. हायस्पीड स्टील सुमारे ६०० अंशांपर्यंत आपली धार राखते. आज हौशी माणसाला परवडणाऱ्या चांगल्या पात्यांचे दात याच पोलादाचे असतात.

दातांचा नियम एका वाक्यात सांगता येतो : कापताना निदान तीन दात धातूवर टेकलेले असावेत. हॅकसॉची पाती इंचाला १४, १८, २४ आणि ३२ दातांची मिळतात. १८ दातांच्या पात्यात दोन दातांमधले अंतर सुमारे १.४ मिमी असते, ३२ दातांच्या पात्यात ०.८ मिमी. आता १.६ मिमी जाडीच्या भिंतीचा चौकोनी पाइप घ्या. त्यावर १८ दातांचे पाते चालवले तर एका वेळी एखाद-दुसराच दात टेकतो, भिंतीची कड दोन दातांच्या मध्ये अडकते आणि दात मोडतो. ३२ दातांचे पाते तोच पाइप सहज कापते. उलट दोन इंची भरीव सळईला ३२ दातांचे पाते लावले, तर दातांमधल्या चिमुकल्या पोकळ्या चुऱ्याने भरून जातात आणि पाते नुसते घसरत राहते. घरात दोनच प्रकारची पाती ठेवायची असतील तर १८ आणि ३२ ठेवावीत. एकच ठेवायचे असेल तर २४.

वेगाबद्दलचा गैरसमज अधिक महागात पडतो. लाकडाच्या बँडसॉचे पाते मिनिटाला सुमारे ९०० मीटर धावते. माइल्ड स्टीलसाठी हायस्पीड स्टीलच्या दातांना मिनिटाला ३० मीटरच्या आसपासचा वेग मानवतो. म्हणजे सुतारकामाचे यंत्र पोलादासाठी तीसपट वेगवान झाले. त्यात धातूचे पाते बसवले तरी काही सेकंदांत दातांची टोके निळी पडून बोथट होतात. पितळ आणि ॲल्युमिनियम जास्त वेग सहन करतात. स्टेनलेस स्टीलचे तंत्र वेगळे आहे : वेग कमी, दाब भरपूर. पाते नुसते घासत राहिले की स्टेनलेसचा वरचा थर कडक होतो आणि पुढचा प्रत्येक दात त्याच कडक थरावर आपटतो.

पहिली खरेदी हॅकसॉचीच असावी, मग पुढे कितीही यंत्रे घ्यायची असोत. फ्रेम मजबूत हवी. पत्र्याची हलकी फ्रेम ताण दिल्यावर वाकते, पाते सैल राहते आणि काप तिरका जातो. नाशिकच्या सातपूरमध्ये कारखाना असलेल्या टपारियासारख्या भारतीय कंपन्यांच्या फ्रेम कोणत्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळतात. फ्रेमवर पैसे वाचवू नयेत आणि पात्यांवर तर काटकसर करूच नये. दुकानात ‘एक्सा ब्लेड’ मागितले की बहुधा कार्बन स्टीलचे स्वस्त पाते हातात पडते. त्याऐवजी बायमेटल मागावे. त्यात दातांची कड हायस्पीड स्टीलची आणि पाठ लवचिक पोलादाची असते, दोन्ही एकमेकांना वेल्डिंगने जोडलेल्या. संपूर्ण हायस्पीड स्टीलचे पाते धार छान राखते, पण हात जरा वाकडा गेला तरी कडकन तुटते.

पाते चढवताना दातांची टोके मुठीपासून दूर, पुढच्या बाजूला असावीत, कारण हॅकसॉ पुढे ढकलताना कापतो. विंग नट हाताने घट्ट झाल्यावर आणखी थोडा पिळावा. बोटाने टिचकी मारल्यावर पाते खणखणले तर ताण योग्य. कापाच्या जागी तीनधारी कानशीने खाच पाडून घेतली की सुरुवातीला पाते घसरत नाही. मग पात्याची पूर्ण लांबी वापरत मिनिटाला चाळीस-पन्नास फेऱ्या, परतीच्या फेरीत दाब सैल. आयटीआयमध्ये फिटरचे शिक्षण घेणाऱ्या मुलांकडून सुरुवातीलाच हे घोटवून घेतात आणि त्या सरावाची किंमत आयुष्यभर वसूल होते. काप अर्ध्यावर असताना पाते तुटले तर नवे पाते त्याच फटीत घालू नये. नव्या दातांचा फाकवा जुन्या झिजलेल्या दातांपेक्षा रुंद असतो, त्यामुळे ते अडकते आणि तुटते. तुकडा फिरवून दुसऱ्या बाजूने काप सुरू करावा. पातळ पत्रा असेल तर तो प्लायवुडच्या दोन तुकड्यांत दाबून, लाकडासकट कापावा.

हॅकसॉ कुठवर पुरतो? एक इंची सळईचा छेद सुमारे ५०० चौरस मिमीचा असतो, दोन इंची सळईचा सुमारे २,०००. व्यास दुप्पट झाला की कष्ट चौपट. एक इंची माइल्ड स्टील हाताने कापणे हा काही मिनिटांचा व्यायाम आहे. दोन इंची सळईचे चार तुकडे करायचे म्हटल्यावर मात्र हात भरून येतात आणि थकलेल्या हाताचा काप सरळ येत नाही. आठवड्याला असे दोन-चार काप पडू लागले की यंत्राचा विचार करावा.

इथे बहुतेक जण ग्राइंडरकडे वळतात. चार इंची अँगल ग्राइंडर आणि एक मिमी जाडीची चकती हा सर्वांत स्वस्त मार्ग खरा, आणि काही कामांना त्याला पर्याय नाही. भंगारातल्या तुकड्यावर जुनी कानस फिरवून पाहावी. ती ओरखडा न काढता घसरली, तर तुकडा कडक केलेला आहे आणि कोणत्याही करवतीचे दात त्यावर जातील. असा माल घर्षणचकतीनेच कापावा. पण रोजची करवत म्हणून ग्राइंडर घेऊ नये. १०० मिमीच्या चकतीवर मिनिटाला १५,३०० फेऱ्यांची मर्यादा छापलेली असते. तिथे कडेचा वेग सेकंदाला ८० मीटर होतो. या वेगात चकती फुटली तर तुकडे गोळीसारखे सुटतात. गार्ड काढून पाच इंची चकती बसवणे किंवा ग्राइंडरला लाकडाचे दातेरी पाते लावणे ही आपल्याकडे सर्रास दिसणारी जीवघेणी सवय आहे. चकतीच्या मधल्या धातूच्या कड्यावर वापराची मुदत छापलेली असते. ती बघावी, कारण चकतीला बांधून ठेवणारे रेझिन दमटपणाने कमकुवत होते आणि कोकणातल्या पावसाळ्यात दमटपणाला तोटा नसतो.

चौदा इंची चॉपसॉ हे याच तत्त्वाचे मोठे रूप. ३५५ मिमीची चकती मिनिटाला ३,८०० च्या आसपास फेऱ्या घेते आणि मोटर दोन हजार वॉटच्या वर असते, म्हणजे १६ अँपिअरचे सॉकेट हवेच. खिडक्यांच्या जाळ्या करणाऱ्या फॅब्रिकेटरला हे यंत्र शोभते, कारण तो रस्त्याकडेला काम करतो आणि कापलेली कड लगेच वेल्डिंगखाली झाकली जाते. फ्लॅटमधल्या कार्यशाळेत मात्र ते नको. आवाज शंभर डेसिबलच्या वर जातो. ठिणग्यांचा झोत काही फूट लांब उडतो आणि अपघर्षक धूळ लेथच्या बेडवर बसून त्याचे पृष्ठभाग झिजवते. कापाची फट तीन मिमीच्या जवळ जाते. पितळेच्या सळईतून वीस चकत्या काढल्या तर सहा सेंटिमीटर पितळ धूळ होऊन जाते. गॅल्व्हनाइज्ड पाइप कापताना जस्ताचा धूर निघतो आणि त्याने थंडी-ताप येतो. ॲल्युमिनियम तर या चकतीवर लावूच नये. ते चकतीच्या कणांत भरून बसते आणि तापलेली चकती फुटण्याचा धोका वाढतो.

कार्बाइड दातांचे पाते वापरणारी ड्राय-कट करवत दिसायला चॉपसॉसारखीच असते, पण तिचा वेग बराच कमी असतो. मकिताच्या ३०५ मिमी पात्याच्या यंत्राचा वेग मिनिटाला १,३०० फेऱ्यांचा आहे. कड स्वच्छ येते आणि तुकडा लगेच हाताळता येईल इतकाच तापतो. असे पाते साध्या चॉपसॉवर कधीही चढवू नये, कारण तिथला वेग जवळपास तिप्पट असतो. कूलंटखाली संथ फिरणारी खरी कोल्डसॉ उत्तम काप देते, पण तिचे वजन, किंमत आणि पात्याला धार लावण्याचा खर्च पाहता ती घराबाहेरच बरी.

बँडसॉ हाच घरच्या कार्यशाळेचा खरा सोबती. अमेरिकेतील हौशी मशिनिस्ट ज्याला ‘फोर बाय सिक्स’ म्हणतात, ते आडवे यंत्र या बाबतीत आदर्श मानावे. अनेक नावांनी विकल्या जाणाऱ्या या यंत्रांची घडण जवळपास सारखीच आहे : साडेचार इंची गोल किंवा चार बाय सहा इंची चौकोनी माल, १,६३८ मिमी लांब आणि अर्धा इंच रुंद पाते, पट्टा पुलीवर सरकवून मिळणारे मिनिटाला सुमारे २४, ३७ आणि ६१ मीटर असे तीन वेग. माल पकडून यंत्र सुरू केले की ते स्वतःच्या वजनाने खाली उतरत कापत जाते. माणूस तेवढ्या वेळात लेथवर दुसरे काम करतो, मात्र खोली सोडून जात नाही. फट जेमतेम एक मिमीची आणि आवाज शेजाऱ्यांना सोसवेल इतका. यंत्र उभे करून वर छोटे टेबल बसवले की वळणदार आकारही कापता येतात.

हे यंत्र नवे आले की दोन-तीन तास जुळवणीत घालवावेत. गुण्या लावून स्थिर जबडा पात्याशी काटकोनात आणावा. पाते उभ्या पातळीतही काटकोनात हवे. पात्याला दोन्ही बाजूंनी धरणाऱ्या बेअरिंग-गाइडना तिरक्या शाफ्टवर फिरवून ते साधता येते. आखूड तुकडा व्हाइसच्या एका टोकाला पकडला की जबडा तिरका होतो आणि पकड सुटते. दुसऱ्या टोकाला तेवढ्याच जाडीचा दुसरा तुकडा अडकवावा. काप नीट चालला आहे की नाही हे चुरा सांगतो. चंदेरी, सैलसर कुरळी कात पडत असेल तर सारे ठीक. पिठासारखी भुकटी पडली तर दाब कमी आहे, निळसर जाड तुकडे पडले तर दाब किंवा वेग जास्त. नव्या पात्याचे पहिले काही काप निम्म्या दाबाने घ्यावेत, म्हणजे दातांची अतितीक्ष्ण टोके तुटत नाहीत. हातमोजे घालून बँडसॉ चालवू नये. गॉगल मात्र कधीही काढू नये.

जागा आणखी कमी असेल तर हातात धरायचा पोर्टेबल बँडसॉ घ्यावा. मकिताच्या २१०७एफसारखे यंत्र १२० मिमीपर्यंतचा माल घेते, त्याचे पाते १,१४० मिमीचे असते आणि वेग कमी-जास्त करता येतो. पोलादी स्टँड करून त्यावर हे यंत्र उलटे बसवले की छोटा उभा बँडसॉ तयार होतो. मुंबईतल्या वन-रूम-किचनमध्ये ते काम झाल्यावर कपाटात ठेवता येते. तिथे तरी याला तोड नाही.

पॉवर हॅकसॉ भारतीय कारखान्यांत अजूनही भरपूर दिसतात. पंजाबातील बटाला आणि गुजरातमधील राजकोट या यंत्रनिर्मितीच्या गावांतून ते येतात. जुना पॉवर हॅकसॉ स्वस्तात मिळाला तरी मोटर थ्री-फेज आहे का हे आधी बघावे. घरच्या २३० व्होल्टवर ती चालत नाही आणि मोटर बदलण्याचा खर्च वर पडतो. परतीच्या फेरीत फ्रेम उचलली जाते का तेही चालवून पाहावे. ती उचलली जात नसेल तर पाते दोन्ही दिशांना घासून लवकर मरते. पाया आणि वजन पाहता हे यंत्र तळमजल्यावरच ठेवावे.

एक प्रकार यादीतून नेहमी सुटतो : सोनाराची बारीक करवत. तिचे पाते पाच इंची, केसासारखे बारीक असते आणि दात मुठीकडे वळलेले, कारण ती ओढताना कापते. पितळी पत्र्यातून घड्याळाचे चाक किंवा मॉडेल इंजिनाची नक्षीदार कठडीपट्टी काढायची असेल तर वर सांगितलेल्या एकाही यंत्राचा उपयोग नाही. पात्याला थोडे मेण लावावे आणि डझनभर पाती एकदम आणावीत, कारण ती तुटतातच.

यंत्र घेण्याआधी त्याचे पाते कुठे मिळेल ते विचारावे. मुंबईत नागदेवी, पुण्यात बोहरी आळी, कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगर अशा बाजारपेठांत धातूकामाची हत्यारे आणि पाती यांची चौकशी करता येते. बँडसॉचे पाते गुंडाळीतून हव्या त्या लांबीला तोडून वेल्ड करून देणारे दुकान सापडले तर परदेशी मापाचे यंत्रही चालवता येते. पाते मागताना लांबी, रुंदी, जाडी आणि इंचाला दात हे चारही आकडे सांगावेत. घरच्या मिश्र कामासाठी १०/१४ असे बदलत्या दातांचे बायमेटल पाते बहुतेक माल निभावून नेते. पाते जोडाजवळ तुटले तर दोन्ही टोके तिरकी घासून चांदीच्या डाकाने पुन्हा जोडता येतात. जोडाची जागा नंतर कानशीने पात्याच्या जाडीइतकी करून घ्यावी लागते, नाहीतर ती प्रत्येक फेरीत गाइडमध्ये ठोका देते.