नळी फुंकली सोनारे

‘नळी फुंकली सोनारे, इकडून तिकडे गेले वारे.’ कितीही सांगा, ज्याच्यावर काडीचाही परिणाम होत नाही अशा माणसासाठी आपण ही म्हण वापरतो. म्हण ठसकेबाज आहे, पण तिने नळीवर अन्याय केला आहे. जुन्या पद्धतीने काम करणारा सोनार कधी जवळून पाहिला असेल तर हे पटेल. समोर दिव्याची पिवळी, डुलणारी ज्योत. ओठांत वाकड्या टोकाची पितळी नळी. गाल फुगलेले. श्वास नाकाने आत जातो आणि गालांतला वारा न तुटता नळीतून बाहेर पडत राहतो. बघता बघता डुलणारी ज्योत आडवी होते, निमुळती होते, तिच्या टोकाला निळी सुई उगवते. त्या सुईखाली सोन्याचा सांधा पाण्यासारखा पाघळतो.

माणसाच्या गालात वारा मावून मावून मावणार किती? पण नळीच्या टोकातून निघणारी बारीक, वेगवान धार एकटी जात नाही. आजूबाजूची हवा ती स्वतःबरोबर ओढून नेते. वारे इकडून तिकडे गेले हे खरं, पण जाताना शेजाऱ्यापाजाऱ्यांनाही घेऊन गेले. म्हणीने तेवढंच सांगितलं नाही.

ऋषीचं कूळ आणि नदीचं मूळ शोधू नये म्हणतात. नळीचं कूळ शोधायला मात्र कुणाची ना नाही. आणि ते शोधावंसं वाटलं एका खेळण्यामुळे.

खेळणं म्हणायचं ते फक्त आकारामुळे. रेडिओवर उडवायच्या छोट्या जेट विमानात आता खरंखुरं टर्बाइन इंजिन बसतं. थर्मासएवढं हे यंत्र मिनिटाला लाखाहून जास्त फेरे मारतं आणि मागून सहाशे अंशांच्या पुढचा झोत फेकतं. विमानाचं अंग असतं फायबर, प्लायवूड आणि बाल्सा या हलक्या लाकडाचं. इंजिन पोटात आणि तोंड शेपटाकडे, म्हणजे हा झोत लाकडाच्या घरातून न्यायचा. म्हणून मध्ये स्टेनलेस स्टीलच्या पातळ पत्र्याची नळी घालतात. हौशी मंडळी इंजिनानंतर सगळ्यात जास्त डोकं खाजवतात ते या नळीवर. इंजिन मोठं घेतलं, शेपटाचा रंग करपू लागला किंवा जोर कमी वाटला, की नळी बदलायची.

नवखा माणूस इथे हमखास फसतो. त्याला वाटतं, झोत वाया जाऊ नये म्हणून नळी इंजिनाला घट्ट जोडावी. प्रत्यक्षात इंजिनाचं तोंड आणि नळी यांच्यामध्ये मुद्दाम फट ठेवलेली असते. नळीचं पुढचं टोक धोतऱ्याच्या फुलासारखं उमललेलं असतं. झोत त्या फुलात शिरताना फटीतून विमानाच्या पोटातली गार हवा आत खेचतो. त्यामुळे इंजिनाभोवतीचा भाग थंड राहतो. नळी दुहेरी पत्र्याची केली, तर दोन पत्र्यांमधून हीच गार हवा वाहते आणि बाहेरचा पत्रा लाकडाला भाजत नाही. एकेरी नळी काढून दुहेरी बसवणं म्हणजे पत्र्याची जाडी वाढवणं नव्हे, हवेला आणखी एक वाट करून देणं. नळी फार अरुंद घेतली तर झोत तुंबतो आणि इंजिन तापतं. फार रुंद घेतली तर ओढ मरते. लांबी उगाच वाढवली तर घासाघाशीत जोर जातो. सारा खेळ मापाचा.

ही अक्कल विमानवाल्यांची नाही. ती त्यांना वारशाने आली, आणि त्या वारशाचा एक धागा लातूरच्या जुन्या रेल्वेतून गेला आहे.

वाफेच्या इंजिनाची मूळ अडचण भुकेची होती. बॉयलरखालच्या जाळाला भरपूर वारा लागतो. गुऱ्हाळाच्या चुलवाणाला किंवा साखर कारखान्याला उंच धुराडं बांधता येतं आणि तेच वारा ओढतं. पण धावत्या गाडीवर उंच धुराडं कुठलं? वाटेतले पूल ते उडवून लावतील. १८०४ मध्ये वेल्समधल्या पेनिडॅरन इथे रिचर्ड ट्रेव्हिथिकने आपली गाडी रुळांवर चालवली, तेव्हा सिलिंडरमधून काम करून निघालेली वाफ त्याने एका नळीने धुराड्यात सोडली. ती वाफ धुराड्यातून वर उसळताना भट्टीतला धूरही ओढून नेते आणि जाळ फुलतो, हे त्याच्या लक्षात आलं. १८२९ मध्ये स्टीफन्सनच्या ‘रॉकेट’ने रेनहिलची स्पर्धा मारली, तेव्हा तिच्या धुराड्यातही हीच युक्ती होती. लहानपणी आपण ज्याला ‘छुक छुक’ म्हणत आलो तो याच नळीचा आवाज. प्रत्येक ‘छुक’ म्हणजे वापरून झालेल्या वाफेचा एक हबका, आणि त्या हबक्याबरोबर जाळाला मिळालेला एक घोट वारा.

यातली गंमत अशी, की चढ आला, ओझं वाढलं की इंजिन जास्त वाफ पितं. जास्त वाफ धुराड्यातून गेली की जास्त वारा ओढला जातो, आणि जाळ आपोआप भडकतो. फुंकणी घेऊन चुलीपुढे बसायला वेगळं माणूस नको. निरुपयोगी म्हणून बाहेर टाकलेली वाफच पुढच्या वाफेची सोय करून जायची.

मराठवाड्यात ही ‘छुक छुक’ दोन वाटांनी आली. गोदावरीच्या खोऱ्यातून मनमाड ते हैदराबाद मीटरगेज मार्ग विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर सुरू झाला आणि नांदेड त्यावर आलं. लातूरला आली ती बार्शी लाइट. रूळ अडीच फुटांचे, गाडी चणीने लहान. १८९७ मध्ये ती कुर्डुवाडीजवळून बार्शीपर्यंत धावली आणि १९११ मध्ये लातूरला पोचली. तिची सुरुवातीची इंजिनं लीड्सच्या किटसन कारखान्यात घडली होती. ही रेल्वे उभी करणारा इंग्रज इंजिनिअर एव्हरार्ड कॅलथ्रॉप हा वजनाच्या बाबतीत भलता काटेकोर. एका आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार नको, हा त्याचा दंडक. भार सगळ्या आसांवर सारखा वाटला, तर हलक्या रुळांवरूनही भरपूर माल नेता येतो, हे त्याने इथे करून दाखवलं. २००८ पर्यंत लातूर-कुर्डुवाडी मार्ग ब्रॉडगेज झाला आणि ती चिमुकली गाडी आठवणीत गेली.

कॅलथ्रॉपची गोष्ट रुळांवर संपत नाही. मोटारीच्या रोल्स-रॉइस नावातला चार्ल्स रोल्स हा त्याचा मित्र. १९१० मध्ये बोर्नमथला विमान कोसळून रोल्स गेला. तेव्हापासून कॅलथ्रॉपने वैमानिकाचा जीव वाचवणारी छत्री बनवण्याचा ध्यास घेतला. ‘गार्डियन एंजल’ नावाचं त्याचं पॅराशूट पहिल्या महायुद्धात वापरलंही गेलं. लातूरला रेल्वे आणणारा माणूस आकाशाकडे वळला तो असा. बार्शी लाइटच्या धुराड्यातून निघून आपली नळीही त्याच दिशेने गेली, जरा उशिरा आणि वेगळ्या हातांनी.

मधल्या काळात रेल्वेवाल्यांनी धुराड्याच्या नळीची मनसोक्त दुरुस्ती केली. फिनलंडचा क्युलेला आणि फ्रान्सचा आंद्रे शापलाँ यांनी एका मोठ्या झोताचे अनेक लहान झोत केले आणि एकावर एक उमललेल्या नळ्यांतून वर सोडले. झोताची कड जितकी जास्त, तितकी हवा त्याला जास्त चिकटते. या बांधणीचं जोडधुराडं असलेल्या ‘मॅलार्ड’ इंजिनाने ३ जुलै १९३८ रोजी इंग्लंडमध्ये ताशी १२६ मैलांचा वेग गाठला. वाफेच्या इंजिनाचा तो विक्रम आजही तिच्याच नावावर आहे. धूर बाहेर टाकणारी नळी सुधारली की गाडी वेगाने धावते, याचा याहून मोठा पुरावा कुठला हवा?

त्याच दशकात जेट इंजिन जन्माला आलं. फ्रँक व्हिटलने १९३० मध्ये पेटंट मागितलं, १९३७ मध्ये इंजिन चालवून दाखवलं. जर्मनीत फॉन ओहाइनच्या इंजिनावर २७ ऑगस्ट १९३९ रोजी पहिलं जेट विमान उडालं. ते इंजिन खेळण्याएवढं व्हायला पुढे चाळीसेक वर्षं लागली. १९८३ मध्ये इंग्लंडमधल्या हौशी मंडळींनी टर्बाइनवर मॉडेल उडवलं. पाठोपाठ जर्मनीच्या कुर्ट श्रेकलिंगने घरच्या हत्यारांवर बनेल असं इंजिन जुळवलं. हवा दाबणारं चाक त्याने चक्क प्लायवूडचं केलं होतं, वरून कार्बनच्या धाग्यांनी आवळलेलं. पुढे हौशी लोकांनी ट्रक-मोटारींच्या टर्बोचं चाक काढून वापरलं, आणि मग घरबसल्या इंजिन करणाऱ्यांची रीघ लागली.

आत जळतं काय? रॉकेलच, थोडं तेल घातलेलं. आणि जळायची तऱ्हा आपल्या ओळखीची आहे. पंपाचा पितळी स्टोव्ह आठवा. आधी काकडा पेटवून बर्नर तापवायचा, मग पंप मारायचा. तापलेल्या नळीत रॉकेलची वाफ होते, निपलच्या सुईएवढ्या भोकातून ती फुसांडत निघते आणि वाटेतली हवा ओढून घेते. म्हणून तर ज्योत निळी आणि आवाज ‘फर्रर्र’. निपल तुंबलं की धार मंदावते, हवा येत नाही, ज्योत पिवळी होऊन भांडी काळी करते. मग आई म्हणायची, ‘पिन मार.’ छोट्या टर्बाइनच्या भट्टीतही बारीक नळ्या जाळात तापतात आणि त्यांतून रॉकेल वाफ होऊन बाहेर पडतं. आजच्या गॅसच्या शेगडीतही बर्नरच्या नळीला हवेची भोकं असतात, ती याचसाठी. सोनाराची नळी, स्टोव्हचं निपल, बार्शी लाइटचं धुराडं आणि जेटची शेपूट: घरं चार, भावकी एक.

प्रत्येक कुळात एखादा वाया गेलेला असतोच. या कुळातला म्हणजे बुलेटची काढलेली पुंगळी.  बुलेटचा शौक काही एका गावाचा नाही. लातूर, नांदेड, कुठेही संध्याकाळी उभे राहा, एखादी फटफटी फटाके फोडत जातेच. सायलेन्सरच्या आत भोकं पाडलेली नळी असते, तीच पुंगळी. इंजिनातून येणारे दणके ती मोडून टाकते. काही पोरं ती उपटतात, नाहीतर ‘इंदोरी’, ‘पंजाब’ असल्या नावांचे बाजारी सायलेन्सर लावतात. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या १२०व्या नियमाप्रमाणे सायलेन्सर सक्तीचा आहे. अनेक शहरांत पोलिस असले सायलेन्सर जप्त करून रोडरोलरखाली घालतात, ते यासाठीच.

पण दंडापेक्षा मोठी गोष्ट आहे ती मापाची. मोटारसायकलच्या नळीतही प्रत्येक दणक्यामागे एक ओढ तयार होते आणि सिलिंडरमधला उरलेला धूर ती काढून नेते. कारखान्यात नळीची लांबी-रुंदी ठरते ती ही ओढ आणि आवाज दोन्ही जमवून. बाकी काही न बदलता नुसती पुंगळी उपटली की हे जुळलेलं माप मोडतं. बहुधा गाडीला ताकद मिळत नाही, कमी वेगात ओढ उलट घटते, आणि हाती राहतो तो आवाज. जेटवाला फटीच्या मापासाठी पट्टी घेऊन बसतो, शापलाँ झोतांचे कंगोरे मोजत बसला. इथे एक पाना आणि अर्धा तास.

गल्लीतून ती बुलेट जाते, खिडक्या थरथरतात, म्हातारी कानांवर हात ठेवते. पोराला सांगून काही उपयोग होत नाही. त्या नळीतून वारा मात्र खरोखर नुसताच इकडून तिकडे जातो. सोनाराच्या माथी मारलेली म्हण आता इथे वापरायला हरकत नाही.