टेस्टोस्टेरॉनचे नियमन आणि दिल्लीची लस

टेस्टोस्टेरॉन वृषणांतील लायडिग पेशींत तयार होते, पण किती तयार करायचे हे मेंदूतून ठरते. हायपोथॅलॅमस साधारण दीड-दोन तासांच्या अंतराने एलएचआरएच हे दहा अमिनो आम्लांचे संप्रेरक ठोक्याठोक्याने सोडतो. त्यामुळे पियूषिका ग्रंथी एलएच आणि एफएसएच ही संप्रेरके स्रवते, आणि एलएच वृषणांना कामाला लावते. रक्तातील टेस्टोस्टेरॉन वाढले की ते, काही अंशी इस्ट्रोजेनमध्ये रूपांतरित होऊन, वरच्या दोन्ही ठिकाणी स्राव आवरते. यालाच ऋण प्रत्याभरण म्हणतात. वृषण आणि पियूषिका यांचे हे परस्परनियंत्रण मूर व प्राइस यांनी 1932 मध्ये मांडले.

शरीरसौष्ठवासाठी बाहेरून टेस्टोस्टेरॉन घेणाऱ्यांचे गणित इथेच चुकते. एलएच घटते, वृषणे आकसतात, शुक्राणू कमी होतात.

या साखळीचा सर्वांत कल्पक वापर दिल्लीत झाला. एम्समधील जीवरसायनशास्त्रज्ञ आणि राष्ट्रीय प्रतिरक्षाविज्ञान संस्थेचे संस्थापक संचालक गुरसरन प्राण तलवार यांच्या गटाने एलएचआरएचमधील सहाव्या स्थानावरील ग्लायसीन बदलून तेथे लायसीन बसवले आणि ते घटसर्पाच्या टॉक्सॉइडला, म्हणजे निर्विष केलेल्या विषाला, जोडून लस बनवली. एरवी शरीर स्वतःच्या संप्रेरकाविरुद्ध प्रतिपिंडे बनवत नाही. या जोडणीमुळे ते बनवू लागले. प्रोस्टेटचा कर्करोग टेस्टोस्टेरॉनवर पोसला जातो, म्हणून त्याच्या प्रगत अवस्थेतील रुग्णांवर लसीच्या चाचण्या झाल्या. ज्यांच्यात प्रतिपिंडे पुरेशी वाढली, त्यांचे टेस्टोस्टेरॉन वृषणे काढल्यावर उतरते तितके खाली आले. टेस्टोस्टेरॉन कमी झाल्याने हायपोथॅलॅमसवरचा लगाम सुटतो खरा, पण त्याचा निरोप प्रतिपिंडे वाटेतच अडवतात. ती ओसरली की साखळी पुन्हा चालू होऊ शकते. शस्त्रक्रियेत ही सोय नाही.